आण्णांच्या क्रमातला माझा नंबर

आमच्या शेजारचे आण्णा चौगुले माळावर पाय ठेवण्याआधी चपला काढतात. देवळात शिरताना काढाव्यात तशा. माळाच्या कडेला एक धोंडा आहे, त्याच्या आडोशाला चपला जोडीनं नीट ठेवायच्या आणि मग खडे, कुसळं, काटे, कशाचीही पर्वा न करता अनवाणी चालू लागायचं. हेच आण्णा आमच्या घरी येतात तेव्हा मात्र चपला करकर वाजवत थेट सोफ्यापर्यंत येतात आणि बसतात. एकदा मी सुचवून पाहिलं, "आण्णा, चपला जरा बाहेर..." तर ते फरशीकडं बघत म्हणाले, "फरशीला काय हुतंय? मेलेला दगड त्यो. माळ जित्ता हाय."

आता मी दुकानातून दमून आलो आणि बुटासकट एक पाऊल उंबऱ्याच्या आत पडलं, तर आमची ही सगळ्या कॉलनीला कळेल अशा आवाजात माझा उद्धार करते. लग्न झाल्यापासून करते. आण्णांच्या चपलांची माती मात्र ती गुणगुणत पुसते. वर म्हणते, "त्यांचं बरोबर हाय की. फरशीला काय हुतंय?" त्यांना चहाही आलं घालून मिळतो. मला आल्याचा चहा सर्दी झाल्याशिवाय मिळत नाही.

तेव्हा आधीच सांगून टाकतो, म्हणजे नंतर कुणी बोट दाखवायला नको. मला आण्णांचा हेवा वाटतो. साधासुधा नाही, चांगला पोटातून वर येणारा. हे सगळं मी जळत जळतच लिहितोय, त्यामुळं कुठं करपल्याचा वास आला तर समजून घ्या.

आण्णा आयुष्यभर जमीनमोजणीच्या खात्यात होते. जिल्ह्यातल्या निम्म्या बांधांवर त्यांनी उन्हं काढली. एका बाजूला थोरला भाऊ, दुसऱ्या बाजूला धाकटा, दोघांच्या हातात काठ्या, आणि मधोमध हे साखळी धरून उभे, अशी त्यांची नोकरी. निवृत्त झाल्यावर तीन वर्षांपूर्वी त्यांनी आमच्या शेजारचं बैठं घर घेतलं आणि एकटेच राहायला आले. मुलगा पुण्याला असतो, बायको वारली, एवढं आम्हाला कळलं. त्यापुढं कुणी विचारलं नाही, कारण आण्णा भेटले की बोलायचं काम तेच करतात.

जमीन मोजून मोजून त्यांची नजरच तशी झाली आहे. माणूस दिसला की ते त्याची प्रतवारी करतात. कोपऱ्यावरचा औषधवाला म्हणजे "हलकी मुरमाड, पर निचरा चांगला." माझा जावई संगणकावर बसून काहीतरी करतो, तो "एनए झालेला प्लॉट, आता त्यात काय उगवायचं न्हाय." हे मला फारच पटलं. आमची ही म्हणजे "नदीकाठची मळी, बारमाही." ही लाजली. मग मीही जरा सैलावून विचारलं, "आणि आम्ही?"

आण्णांनी मला खालून वर आणि वरून खाली बघितलं. "तुमी व्हय? भराव टाकलेली जमीन. वरनं एकदम सपाट. पर बांधकाम करायच्या आधी दोन पावसाळं थांबाय पायजे."

हिनं पदर तोंडाला लावला. मी पुढचे आठ दिवस त्यांच्या फाटकाकडं बघितलं नाही. आण्णांच्या ते लक्षातही आलं नाही, हे जास्त लागलं.

त्यांचा दुसरा नाद म्हणजे क्रम. कसलीही चर्चा सुरू झाली की आण्णा डावा तळहात पुढं करतात, उजव्या हाताचं बोट त्यावर आपटतात आणि म्हणतात, "क्रम लावा. आधी काय?" कॉलनीच्या गणपतीची बैठक होती. मांडव, लायटिंग, साउंड, महाप्रसाद, टी-शर्ट असं सगळं ठरत होतं. आण्णांनी तासभर ऐकून घेतलं आणि विचारलं, "मूर्ती कितव्या नंबरला हाय?" मूर्तीचं कुणाच्या लक्षातच नव्हतं. त्या वर्षीपासून पोरं आण्णांना विचारल्याशिवाय वर्गणीची पावतीसुद्धा फाडत नाहीत. त्याआधी त्या मंडळाचा सल्लागार मी होतो.

माझ्या चुलतभावाच्या वास्तुशांतीला मी त्यांना घेऊन गेलो, ही माझी चूक. आमच्या माळाच्या उताराखालची नवीन वसाहत, दोन मजली घर, संगमरवर, झुंबर. पाहुणे तोंडभर कौतुक करत होते. आण्णा घरभर फिरले, मागच्या दारानं बाहेर गेले, पुढच्या दारानं आत आले आणि भटजींच्या मंत्रांच्या मधे खड्या आवाजात विचारते झाले, "पावणं, हितला वडा कुटं गेला?"

भाऊ म्हणाला, "कसला ओढा?"

"हितनं एक वडा जात हुता. मी सोता मोजलाय. ह्या माळापासनं निघून खाली नदीला." मग ते जेवणाच्या ताटांमधून वाट काढत स्वयंपाकघरात गेले, ओट्यासमोर उभे राहिले आणि पायानं फरशी ठोकून म्हणाले, "हितं हाय. भटजी, तितं तांब्यात वरुण कशाला पुजताय? खरा वरुण ओट्याखाली गाडलाय की."

भाऊ तीन महिने माझ्याशी बोलला नाही. पावसाळ्यात त्याच्या स्वयंपाकघरात घोट्याएवढं पाणी आलं. तेव्हा त्यानं फोन केला, पण मला नाही. आण्णांचा नंबर मागायला.

आता आण्णा यायच्या आधी मी कोण होतो, तेही सांगायला हवं, नाहीतर तुम्हाला वाटेल हा कुणीतरी किरकोळ माणूस कुरकुरतोय. माझं शेतीपंपांचं दुकान आहे. आमची कॉलनी माझ्याच गावच्या हद्दीत येते, आणि गावाच्या वर पन्हाळ्याच्या अंगाला गायरानाचा मोठा माळ आहे. तिथं पहाटे फिरायला जाणाऱ्यांचं मंडळ मी काढलं. तिथं झाडं मी लावली. गावात मला 'झाडवाले बापू' म्हणतात. म्हणायचे.

आमच्याकडं बऱ्याच घरांत आता रक्षा नदीत सोडत नाहीत. पंचगंगेची काय गत झाली आहे ती सगळ्यांना दिसते. तिसऱ्या दिवशी रक्षा गोळा केली की शेतात पसरतात, नाहीतर खड्ड्यात घालून वर झाड लावतात. ज्याला शेत नाही त्यानं काय करायचं? मी म्हटलं, माळ उजाडच पडलाय, तिथं लावा. असं आमचं स्मृतिवन सुरू झालं. पेपरात फोटो आला, माझ्या हातात झारी.

पहिलं झाड माझ्या आईचं. जांभळाचं. तिला जांभळं फार आवडायची, खाऊन झाली की निळी जीभ काढून नातवंडांना भिववायची. सहा वर्षं झाली त्याला. झाड छान आहे. छान म्हणजे जिवंत आहे. खरं सांगायचं तर माझ्या कमरेला लागतं, पण कुणी विचारलं तर मी खांद्यापर्यंत सांगतो. रोज पहाटे मंडळी पुढं गेली की मी तिथं जरा रेंगाळतो. दुकानाचं, हिच्या बीपीचं, असं थोडं सांगतो. मनातल्या मनात. कधी कधी ओठ हलत असतील.

आण्णा पहिल्या दिवशी आमच्याबरोबर माळावर आले, चपला काढल्या, चारी बाजूंना बघितलं आणि विचारलं, "हितं झाडं कुणी लावली?"

मी छाती पुढं काढली. "आम्ही."

"कशापायी?"

"माळ उजाड होता ना."

"उजाड?" आण्णा म्हणाले. "टकल्याला टोप घातला म्हणून केस येत न्हाईत, बापू. त्यो टकलाच असतोय. त्यातच त्याची शोभा हाय. बसा खाली सगळी."

आणि आमचं सगळं मंडळ खाली बसलं. मग आण्णा म्हणाले, "बसून दिसायचं न्हाय. आडवं व्हा." आणि माणसं पालथी झाली. आमच्यातले एक निवृत्त मामलेदार, जे घरी पाटावरसुद्धा बसत नाहीत, ते पोटावर झोपून गवतातलं नखाएवढं जांभळं फूल बघू लागले. वर कुठंतरी चंडोल गात होता. इतकी वर्षं तो गात असणार, पण आम्ही मोठ्यानं गप्पा मारत चालायचो. मी मंडळींना पाच वर्षं उभं करून भाषणं दिली, आण्णांनी त्यांना एका सकाळी आडवं करून खिशात घातलं. रविवारी मिसळ खाताना मधली खुर्ची माझी असायची. त्या रविवारी मी कोपऱ्यात होतो, आणि कटसुद्धा माझ्यापर्यंत पोचेपर्यंत गार झाला होता.

त्याच मिसळीवर आण्णांनी माळाचा क्रम लावला. डावा तळहात पुढं, उजवं बोट वर.

"हात आपलं धाच. पाणी एक टँकर. सगळं वाचवतो म्हणणारा काईच वाचवत न्हाय, म्हणून क्रम लावा. एक नंबर, वड्याचा झरा आणि वड्याचा काठ. तितला मुरूम उपसायचं बंद. दोन नंबर, उघडा माळ. त्येला काय करायचं? काय न्हाय. हात मागं बांधून गप बसायचं. तीन नंबर, झाडं. ती बी माळावर न्हाय, वड्याकाठी. तितं ती आपसूक वाढतात, हितं ती नुसती टिकाव धरून हाईत."

"झाडं तीन नंबरला?" मी म्हटलं.

"व्हय की."

मी मिसळ अर्धी टाकून उठलो. झाडं तीन नंबरला म्हणजे माझी आई तीन नंबरला, हे त्या माणसाच्या लक्षात येत नव्हतं, आणि मला ते तोंडानं सांगता येत नव्हतं.

बरं, बाहेरचे जाऊ देत. मी हिला कैक वर्षं म्हणत होतो, पहाटे फिरायला ये. गुडघे दुखतात म्हणायची. आण्णा आल्यावर गुडघे बरे झाले. घरी येताना ही पदराला कुसळं घेऊन यायची आणि आमटीला फोडणी देता देता मला गवतांची नावं सांगायची. लग्नात मी हिच्यासाठी उखाणा तीनदा विसरलो होतो, तो विषय तिनं कधी सोडला नाही. पण आण्णांनी एकदा सांगितलेलं गवताचं नाव ती एका दमात म्हणून दाखवते.

मग मी ठरवलं, पुरे झालं. सगळ्या माळाला तारेचं कुंपण घालायचं, स्मृतिवन कडेपर्यंत न्यायचं आणि ग्रामसभेत मंजुरी घ्यायची. एकदा मंजूर झालं की आण्णांनी क्रम लावत बसावं. पावसाळ्याआधी खड्डे तयार असावेत म्हणून मी मे महिन्यातच गडी लावले.

गडी गेले आणि तासाभरात पहारी टाकून परत आले. त्यांच्यातला म्होरक्या घाम पुसत म्हणाला, "बापू, आमी न्हाय खणणार. करणी केल्या कुणीतरी."

मी गेलो. माळावर ठिकठिकाणी दगडांची रिंगणं केली होती. दगड चुन्यानं पांढरे केलेले. आणि प्रत्येक रिंगणाच्या मधोमध, नुसत्या खड्यांवर, चार-चार अंडी. काळपट ठिपक्यांची. आता माळ, रिंगण आणि अंडी एवढं बघितल्यावर आमच्या भागातल्या माणसाला पुढचं सांगावं लागत नाही. मी पंप विकणारा माणूस आहे, माझा असल्या गोष्टींवर विश्वास नाही, पण मीही लांबून वळसा घालून आलो आणि घरी आल्यावर हिला म्हटलं, जरा मीठ-मोहरी उतरून टाक.

संध्याकाळपर्यंत गाव पेटलं. पंचायतीतला हा गट म्हणाला त्या गटानं केलं, तो म्हणाला ह्यानं केलं. कुणी कोंबडं कबूल केलं. बायकांनी शेरडं माळावर न्यायची बंद केली. एक म्हातारी शपथेवर सांगत होती की रात्री तिनं तिथं टिटवी ओरडलेली ऐकली, आता काही खरं नाही. त्यात तिची काही चूक नव्हती. टिटवी ओरडणारच होती, अंडी तिचीच होती.

हे मला हिनं सांगितलं, मीठ-मोहरी चुलीत टाकता टाकता. "टिटवीची अंडी हाईत ती. ती घरटं बांधत न्हाय, नुसत्या खड्यावरच घालती. दिसत न्हाईत, पाय पडतो. म्हणून आण्णांनी भवतीनं दगड ठेवलं."

"आणि चुना कुणी लावला?"

"मीच. आज सकाळी गेलते की त्यांच्यासंगं." आणि वर, "तुमी झोपला हुता."

त्या रात्री मी जेवलो नाही. कुणी आग्रहही केला नाही.

ग्रामसभेला गाव लोटलं होतं, अर्धं स्मृतिवनासाठी आणि अर्धं करणीसाठी. सरपंचबाईंनी मला बोलायला सांगितलं. मी झाडांवर बोललो, सावलीवर बोललो, ज्यांची माणसं त्या झाडांखाली आहेत त्यांच्यावर बोललो. बायकांनी डोळे पुसले. सभा माझ्या हातात आली होती. तिथंच थांबलो असतो तर बरं झालं असतं. पण माझ्या डोळ्यांसमोर तो आल्याचा चहा आला आणि मी म्हणालो, "आणि ती करणी कुणी केली, ते ह्या चौगुल्यांना विचारा."

सगळ्या माना वळल्या. आण्णा शांतपणे उठले.

"व्हय. मीच केली."

मागच्या रांगेतले लोक बघायला उठून उभे राहिले.

"करणीच म्हणा. त्यामुळं आठ दिस कुणी पाय टाकला न्हाय आणि बऱ्याच ठिकाणी पिल्लं भाईर आली. आता ऐका. ते पाखरू उघड्यावर अंडी घालतंय, कारण चारी बाजूनं बघाय मिळतंय. तितं झाड लावलं की झाडावर कावळा बसणार, आणि कावळ्याला वरनं अंडी दिसणार. कुंपण घातलं की मेंढरं बंद, मेंढरं बंद झाली की गवात माजणार, मग जळणार. मी चाळीस वर्षं कागदावर असल्या जागंला 'पोटखराबा' लिवत आलो. पोटखराबा म्हंजे जितं पीक येत न्हाय ती जमीन. पर लोकास्नी वाटलं, खराबा म्हंजे खराब, कायबी करा. मग कुटं पाइपलाइन टाकून ऊस केला, कुटं प्लॉट पाडलं, कुटं मुरूम न्हेला, कुटं फाउंड्रीची जळकी वाळू टाकली. एवढं सगळं हून तुमच्या गावाचा हा एक माळ ऱ्हायलाय. बापूंनी झाडं लावली ती मायेनं लावली. पर माया चुकीच्या जाग्याला लागल्या."

मागून एक म्हातारा धनगर म्हणाला, "पावणं खरं बोलालंय." तीन वर्षं गावात राहूनही आण्णा अजून पावणंच होते, आणि मी पाच पिढ्यांचा इथला, पण माझ्यासाठी कुणी काही बोललं नाही. सरपंचबाईंनी हात वर करायला सांगितले. माळ उघडा ठेवायचा, झाडं जमतील तशी पावसाळ्यात ओढ्याकाठी हलवायची, याला कोण कोण तयार आहे? हातच हात वर झाले. मी मागं वळून बायकांच्या रांगेकडं बघितलं. आमच्या हिचाही हात वर होता. कोपर सरळ करून, चांगला उंच.

त्यानंतर मी फिरायला जायचं सोडलं. कारण विचारलं तर दुकानात काम आहे सांगायचो. खरं कारण वेगळं होतं. माळाखालचा कठीण मुरूम मला ठाऊक आहे. त्यातून सहा वर्षांचं झाड उपटायचं म्हणजे ते मरणार. आईला मी एकदा पोचवून आलो होतो. पुन्हा उचलायची माझी हिंमत नव्हती, आणि मी नाही उचललं तर दुसऱ्या कुणीतरी उचललं असतं, तेही मला बघवलं नसतं.

जुलैत झड लागून माती चांगली भिजली. एका सकाळी आण्णा दारात उभे. एका खांद्यावर पहार, दुसऱ्यावर खोरं, बगलेत गोणपाट.

"चला. आधी तुमच्या आईचं."

मी म्हटलं, "एवढी झाडं आहेत. माझंच आधी कशाला? माझा नंबर तर कायम शेवटचा असतो."

"ते सगळ्यात वाईट हालतीत हाय. जे आधी मरणार ते आधी उचलायचं," आण्णा म्हणाले. मग माझ्याकडं न बघता, "तुमी खांद्याएवढं म्हणून सांगतासा. मला ठावं हाय ते केवढं हाय."

मला राग यायला हवा होता, पण मी निमूट छत्री आणि घागर घेऊन निघालो.

आण्णांनी झाडाभोवती केवढंतरी मोठं रिंगण आखलं. मी म्हटलं, मुळं एवढी लांब गेलेली नसणार. ते म्हणाले, "मुळासाठी न्हाय. माती सगळी घ्यायची. त्या मातीत हाईत त्या." आणि ते गुडघ्यावर बसले. पहार बाजूला ठेवून हातानं माती सैल करू लागले. हा माणूस माझ्या घरात चपला घालून फिरतो, तो इथं तान्ह्या बाळाला अंघोळ घालावी तशा हातानं एकेक मूळ सोडवत होता. पाऊस भुरभुरत होता.

मग खाली बघतच ते म्हणाले, "मी रोज बघायचो तुमाला हितं. मंडळी म्होरं गेली की तुमी थांबायचा. बोलायचा आईसंगं."

"तसं काही नाही," मी म्हटलं.

"हाय की. त्यात काय लाजायचं? माझी बायको गेली तवा चार माणसं म्हणाली, नदीत सोडा. सोडली. रोजचा क्रम लावणारा माणूस मी, पर त्या दिवशी मला काय सुचलंच न्हाय. गेली व्हावून." त्यांनी कपाळावरचं पाणी चिखलाच्या मनगटानं पुसलं. "सगळ्या जिल्ह्याच्या जमिनी मोजल्या, बापू. तिच्यासाठी हातभर जागा मोजून ठिवली न्हाय. आता बोलायचं म्हटलं तर कुटं तोंड करून बोलू? घाटावर जाऊन बगितलं. तितं पाणी म्होरं जातंय. मला तुमचा लई हेवा वाटतोय."

माझ्या हातातलं खोरं तसंच राहिलं. मी तीन वर्षं ज्याच्यावर जळत होतो, तो माणूस रोज पहाटे थोडं मागं थांबून माझ्यावर जळत होता. मला त्याचं काय करावं कळेना. आनंद झाला असता तर बरं झालं असतं, पण झाला नाही.

आम्ही मातीचा गड्डा गोणपाटात बांधला. वजन बरंच होतं. दोघांनी दोन टोकं धरून उतारानं ओढ्याकाठी नेलं. तिथली जमीन काळी आणि ओली होती, खड्डा काढायला वेळ लागला नाही. आईला नव्या जागी बसवलं आणि माती लोटली. आण्णांनी हातानं दाबली, पायानं नाही. जांभळाची पानं माळावर कधी बघितली नव्हती इतकी तरतरीत दिसत होती, की मला तसं वाटत होतं, ठाऊक नाही.

मी खोरं उचललं आणि शेजारी दुसरा खड्डा काढायला लागलो.

"ह्यो कुणाचा?" आण्णा म्हणाले.

"वैनींचा."

"राख कुटं हाय माझ्याकडं? सांगितलं न्हवं, सगळी सोडली म्हणून."

"ह्या ओढ्याचं पाणी खाली नदीलाच जातंय ना, आण्णा? तुम्हीच तर मोजलाय."

ओढ्याकाठी करंजाची रोपं आपोआप उगवलेली असतात, त्यातलं एक बरं बघून मी मातीसकट उकरून त्यांच्या हातात दिलं. मग माझ्या लक्षात आलं, की तीन वर्षं हा माणूस आमच्या सोफ्यावर येऊन बसतोय, आमचा चहा पितोय, आणि आम्ही कुणीही त्याला हे विचारलेलं नाही.

"नाव काय हुतं वैनींचं?"

आण्णा रोप धरून तसेच उभे राहिले. "शालन," ते म्हणाले. हे नाव त्यांनी बऱ्याच दिवसांत मोठ्यानं उच्चारलं नसावं, कारण लगेच त्यांनी ते पुन्हा एकदा म्हणून बघितलं. मग ते खड्ड्याच्या काठावर बसले आणि वाकून काहीतरी सांगू लागले.

मी पाणी आणतो म्हणून घागर उचलली. ओढा अगदी हाताशी होता, पण मी बराच वेळ लावला.